दुसऱ्यांदा उघडताना

बाल्तासारचा पुढचा दात, वरचा, डावीकडचा.
माझ्या कागदांत त्याला नाव नाही, आकडा आहे: एकवीस.

तो आठ वर्षांचा होता तेव्हा
पुन्ता अरेनासच्या चौकात
वाऱ्यानं त्याला उचलून कठड्यावर आपटलं.
वाऱ्याच्या दिवसांत इथे रस्त्याकडेला दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्याच्या एका हातात दप्तर होतं, दुसऱ्यात पाव.

दात बाहेरून जेमतेम टवका उडालेला. आतून मेला.
मूळ अर्धंच झालेलं,
तळाशी तुतारीच्या तोंडासारखं उघडं,
भिंती इतक्या पातळ
की एक्स-रे बघताना मी श्वास जपून सोडला.

तेव्हा मी रक्ताला बोलावलं.
बारीक सुई मुळाच्या पलीकडे टोचली, आणि थांबले.
रक्त आलं. पोकळीत हळूहळू वर चढलं,
सामुद्रधुनीचं पाणी धक्क्याच्या पायऱ्या चढतं तसं,
आणि थिजलं.
त्यावर पांढरं सिमेंट, त्यावर झाकण.
खेकड्यांच्या कारखान्यातून गमबुटांसकट आलेल्या
त्याच्या आईला, फ्रेसियाला, मी म्हणाले:
मूळ कसं बांधायचं ते रक्ताला आठवत असतं.
वाक्य सुंदर होतं. मला स्वतःलाच आवडलं होतं.

सहा महिन्यांनी: काही नाही.
वर्षानं: भिंत किंचित जाड वाटली.
वाटली, कारण मला वाटायला हवी होती.
मग दोन हिवाळे ते आलेच नाहीत.

आज आला. जीभ जांभळी,
ओठांच्या कडा जांभळ्या.
"कालाफातेची फळं खाल्ली की माणूस परत येतो म्हणतात ना,
म्हणून आलो," म्हणाला. हसताना
हिरडीवरची पिवळी पुळी दिसली,
मोहरीएवढी.
तिनं मला सगळं सांगितलं.

दुसऱ्याचं काम उकलणं सोपं असतं,
मनातल्या मनात त्याला नावं ठेवत हात चालतो.
हे सिमेंट माझं होतं.
सूक्ष्मदर्शकाखाली, कणाकणानं,
तासभर मी माझंच वाक्य खरवडत होते.
तळाशी पोचले तेव्हा आधी वास आला.
मग कळलं: रक्त आलं होतं,
राहिलं नव्हतं.

धुतलं. हलक्या हातानं, पुन्हा धुतलं.
औषधाचा लेप भरला. तीन आठवडे.

तीन आठवड्यांनी पुळी गेली, आणि मी सुई हातात घेतली.
अजून एकदा बोलावता आलं असतं.
त्याचं वय आहे, तोंड उघडं आहे,
असं करून बघितलेले लोकही आहेत.
पण भिंती तशाच होत्या, बोराच्या सालीएवढ्या.
सुई ठेवून दिली.
तळाशी सिमेंटची गुळी दाबली,
वर रबराची भर, त्यावर पांढरा लुकण.
आता इथे कुणी येणार नाही, काही वाढणार नाही.

"मूळ?" फ्रेसियानं विचारलं.
"नाही वाढणार."
"मागच्या वेळी तुम्ही..."
"हो. म्हणाले होते."
तिनं मान हलवली. बोटांवर कवचांचे ओरखडे होते,
काही जुने, काही आजचे.

बाल्तासारला वेगळंच हवं होतं:
आत सगळंच तुमचं भरलंय,
तर दात माझाच ना?
मी आरसा दिला. त्यानं दात विचकले,
जीभ फिरवली, मग स्वतःच ठरवलं:
"माझाच. लागतोय तसाच."

सफरचंद कापून खायचं, मी सांगितलं.
फुटबॉलला तोंडात संरक्षक घालायचा.
सहा महिन्यांनी यायचं, यायचंच.
किती वर्षं टिकेल ते मी सांगितलं नाही,
त्यांनी विचारलं नाही.

खिडकीतून बघितलं:
कोपऱ्यावर वारा होता.
फ्रेसियानं दोर धरला. त्यानं नाही धरला,
आईच्या जॅकेटचं टोक धरलं,
आणि दुसरा हात ओठावर.